न भांगललेलं रान

अमेरिकेहून आल्यापासून कराडात जो भेटेल तो विचारतो, "काय काय बघितलं मग तिकडे?" मी सांगते, "रोपं बघितली." समोरच्याला वाटतं, बाई थट्टा करतायत. मग मी मुकाट्याने फोनमधले मोठमोठ्या इमारतींचे फोटो दाखवते आणि विषय संपतो. पण खरं तेच आहे. चार महिने होते मी तिथे. त्यातला लक्षात राहिला तो एकच आठवडा, आणि तो एका डोंगरउतारावर कमरेएवढ्या झाडांत गेला.

मी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत नोकरी केली. मिरजेची गाडी कधी, पाटणची कुठे लागेल, हेच सांगण्यात जन्म गेला. स्वतः कोल्हापूरच्या पुढे क्वचित गेले. म्हणून आता हा एक प्रवास तरी माझा मी नीट सांगावा म्हणते.

बेलव्ह्यू

माझा मुलगा निखिल बेलव्ह्यूला असतो. सकाळी तो आणि सूनबाई ऑफिसला, नातू शाळेला, की मागे मी आणि ते चकचकीत घर. इतकी शांतता, की फ्रीज घुर्रर्र करून सुरू झाला तरी मी दचकायची. खिडकीत बसावं तर रस्त्यावर माणूस नाही. आयुष्यभर ज्या बाईच्या खिडकीसमोर रांग असायची, तिला ही शिक्षाच. नातवाला म्हणावं, "बस रे जरा," तर तो गोड हसायचा, "आय हॅव प्रॅक्टिस, आजी," आणि जायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. कोणाचंच चुकत नव्हतं, म्हणून तर तक्रार करायचीही सोय नव्हती.

मी त्याच्यासाठी अमेरिकेला गेले, असं निखिलला अजून वाटतं. खरं कारण वेगळं होतं. माझी धाकटी बहीण सुधा लग्न होऊन सांता क्लाराला गेली, तिथेच तिचा संसार झाला आणि तिथेच ती आजारी पडून गेली. मला व्हिसाची तारीख मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिचे यजमान नंतर लांब दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला, आपल्या भावाजवळ राहायला गेले. मागे राहिली तिची एकुलती एक लेक, रेवा, निखिलपासून काही तासांवरच्या एका डोंगराळ खोऱ्यात नोकरीला. जन्म तिकडचा, शिक्षण तिकडचं. पंचमीला, दिवाळीला मी फोनवर लांबलचक निरोप पाठवायचे आणि तिच्याकडून एक फूल यायचं. पुढे पुढे तेही उशिरा यायला लागलं. ही पोर हातची गेली की सुधा दुसऱ्यांदा गेली, एवढं मला पक्कं कळत होतं. आमच्या दोघींत काही उरलंय की नाही ते मला एकदा समोर बसून बघायचं होतं.

मी तिला कळवलं, येऊ का? उत्तर आलं, "ओके मावशी. बट आय विल बी वर्किंग."

न येण्याची इतकी सभ्य सूचना आणखी कशी द्यायची? मी ती कळली नाही असं दाखवलं आणि बॅग भरली.

डोंगराच्या वाटेवर

सप्टेंबर संपत आला होता. शनिवारी निखिल मला सोडायला निघाला. दक्षिणेकडे जाणारा मोठा रस्ता सोडून आत वळलं की दुकानं, गाड्या सगळं मागे पडतं आणि दोन्ही बाजूंना झाडं लागतात, ती संपतच नाहीत. समोरून लाकडांनी भरलेले ट्रक येत होते. आपल्याकडे गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या येतात तशी ओंडक्यांची टोकं मागे लोंबत होती. मला एकदम घरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

मधेच डोंगरावर एक मोठा तुकडा भादरलेला दिसला. एक झाड नाही, नुसती खोडकी. पुढच्या वळणावर दुसरा, त्यावर हिरवी लव. त्यापुढे तिसरा, त्यात झाडं सगळी एका उंचीची. एका इयत्तेतली मुलं प्रार्थनेला उभी करावीत तशी. ना त्यांच्यात कोणी म्हातारं, ना कोणी तान्हं.

"हे सगळं पेरलेलं आहे?" मी विचारलं.

"प्लांटेड आहे आई. कापतात, परत लावतात. रेवाचं तेच काम आहे, कुठली रोपं कशी वाढतात ते चेक करणं," निखिल म्हणाला. "आणि तिथे रेंज नसते हां. बोअर होशील, सांगून ठेवतो."

वाटेत एका छोट्या खाणावळीत थांबलो. माझ्यासारखीला खाण्याजोगं म्हणजे तळलेले बटाटे आणि एक जांभळ्या रानफळांचं ‘पाय’, म्हणजे सारण भरून भाजलेलं गोड काहीतरी. ते फळ डोंगरातच मिळतं म्हणे. आपल्या करवंदाचा आंबटपणा आणि जांभळाचा रंग. मी ते दोनदा मागवलं. वाढणारी बाई मला "हनी" म्हणाली. चार महिन्यांत मला अनोळखी माणसाने मारलेली ती पहिली हाक, म्हणून मी निखिलला तिच्यासाठी टिप जरा जास्तच ठेवायला लावली.

रेवा घराबाहेर उभी होती. तिशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली, पायांत चिखलाचे बूट. उभं राहण्याची ढब थेट सुधाची, एका पायावर भार टाकून. तिने मला मिठी मारली, पण पाहुण्यांना मारतात तशी.

निखिल निघताना म्हणाला, "रेवा, यार, जरा सांभाळ तिला. तिला गप्प बसवत नाही."

"आय विल फाइंड हर अ चेअर," रेवा म्हणाली.

खुर्ची खरंच शोधावी लागली. जेवणाच्या टेबलाला एकच होती.

खोऱ्यातले दिवस

पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींशी फार जपून बोललो. तिचं मराठी मोडकंतोडकं, माझं इंग्रजी बसच्या पाट्यांपुरतं. सुधाचं नाव दोघींनीही काढलं नाही. रविवार असो नसो, ती पहाटे डबा घेऊन निघायची, मी मागे तिच्या घराच्या पडवीत बसायची. समोर धुकं, धुक्यात ती झाडं. संध्याकाळी हरणांसारखे पण म्हशीएवढे एल्क अंगणातून चालत जायचे. सांगायला शेजारी कोणी नाही. बेलव्ह्यूला वाटायचं, घरात कोणी नाही म्हणून एकटं वाटतंय. इथे घरात माणूस होतं, तरी तेच.

तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "मला ने तुझ्याबरोबर. कोपऱ्यात बसेन."

तिच्या ट्रकमध्ये पायाशी अवजारं पडलेली होती. त्यात एक खुरपं! लाकडी मूठ, वाकडं पातं, आमच्या शनिवार पेठेतल्या लोहाराच्या हातचं. सुधाने परसातल्या वाफ्यांसाठी मागवलं होतं आणि मीच ते चटणीच्या पुड्यांमध्ये गुंडाळून कोणाबरोबर तरी पाठवलं होतं.

"हे तुझ्याकडे?"

"आईचं. आय यूज इट फॉर एव्हरीथिंग," रेवा म्हणाली. "रूट्स बघायला बेस्ट आहे. इकडे असं टूल मिळतच नाही."

मी ते उचलून मांडीवर घेतलं. पुढे ती गाडी चालवत बरंच काही सांगत होती, कामाचंच काहीतरी. मी खरं तर मुठीकडे बघत होते. सुधाच्या बोटांनी ती एका जागी गुळगुळीत झाली होती.

उतारावर पोचल्यावर मात्र रेवा खुलली. डग्लस फरचं रोपटं कसं वाचायचं ते तिने मला दाखवलं. फांद्यांचा एक घेर म्हणजे एक वर्ष, दोन घेरांमधलं अंतर म्हणजे त्या वर्षीची वाढ. मी म्हटलं, हे तर उसाचं पेर. पाऊस कमी झाला की पेर आखूड. तिला तो शब्द आवडला. "पेर," तिने दोनदा म्हणून बघितलं. मग ती प्रत्येक झाडाशी वाकून "पेर नंबर फोर" म्हणायला लागली, आणि त्या आठवड्यात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

इथली पद्धत अशी. जुनं रान कापल्यावर हिवाळ्याच्या पावसात मजुरांच्या टोळ्या येतात आणि एकेक रोप हाताने लावतात. पाण्याला पुन्हा कोणी येत नाही. आपल्याकडे वृक्षारोपण म्हणजे पाहुणे, फावडं, फोटो आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप. इथे फोटो कोणी काढत नाही, पण रोप जगलं का ते बघायला मात्र माणूस येतो. हरणांनी शेंडे खाऊ नयेत म्हणून रोपांना जाळीच्या नळ्या घालतात. कुठे गवत-झुडपं मारायला फवारणी करतात, कुठे नाही. झाडं दाट झाली की मधली तोडून विरळ करतात. कशाने किती फरक पडतो, हे शोधायचं रेवाचं काम. दर वर्षी वाढ थांबली की ती उंची आणि बुंध्याची जाडी मोजते.

"मोकळं झालं की झाड आधी जाड होतं," ती म्हणाली. "उंच नंतर. क्राउडमध्ये असलं की ते फक्त वर पळतं, बारीक बारीक."

मग मला सपाटीला एका ओंडक्यावर बसवून ती वरच्या अंगाला मोजायला गेली.

मी बसले. थोडा वेळ बसले. पण माझ्यासमोरचा तुकडा बघवत नव्हता. पलीकडची झाडं माझ्या डोक्याएवढी, जाड, आजूबाजूची जमीन स्वच्छ. आणि इकडची कमरेएवढी, सुतळीसारखी, नेचे आणि काटेरी वेलांत बुडालेली. एकाच्या तर शेंड्याला वेलाने फास दिला होता.

आमच्याकडे अर्धं रान भांगललेलं आणि अर्धं तसंच दिसलं, की त्याचा अर्थ एकच. बायका मिळाल्या नाहीत. खुरप्याने तण काढायच्या कामाला आम्ही भांगलण म्हणतो. ती वेळेवर झाली नाही की पीक गेलं, हे मी चालायला लागले तेव्हापासून ऐकलंय. आई आम्हा बहिणींना एकेका सरीवर बसवायची. सुधा मागे राहिली की मी माझी सरी संपवून तिच्या सरीला समोरून लागायचे, मधे आमची डोकी आपटायची. मी मनाशी म्हटलं, पोरीला मजूर मिळालेले दिसत नाहीत. एकटी कुठे कुठे पुरणार? आणि मांडीवर खुरपं होतंच.

गुडघे दुखतात, तरी बसले. पहिल्या रोपाचा वेल कापला तेव्हा ते हलून सरळ उभं राहिलं. तो आनंद काय सांगू! दुसरं केलं, तिसरं केलं. नेच्यांची मुळं चिवट, पण माती काळी, ओली, खुरप्याला लोण्यासारखी. हातांना काट्यांनी रक्त आलं. कित्येक महिन्यांनी माझा कोणाला तरी उपयोग होत होता. मी आईची जुनी गाणीसुद्धा गुणगुणले. रेवा उतारावरून खाली आली तोवर एक अख्खी ओळ लख्ख झाली होती.

मी हसत वर बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मावशी. व्हॉट डिड यू डू?"

"अगं, भांगलून टाकलं. मला कुठे काय काम..."

"हा कंट्रोल होता!" ती ओरडली. "ह्याला टच करायचं नव्हतं. कोणीच नाही. फोर इयर्स कोणी टच केलं नाही, तोच पॉइंट होता!"

"पण ती घुसमटली होती गं, रेवा."

"आय नो! तेच तर आम्ही मेझर करतोय!"

झाडांना बांधलेल्या निळ्या फिती तेव्हा मला दिसल्या. पलीकडच्या मोकळ्या झाडांना नारिंगी होत्या. काहीही न करता सोडलं तर रोपाचं काय होतं, हे कळण्यासाठीच हे तुकडे राखलेले होते. असे चार होते, त्यातला एक मी निकालात काढला होता. सकाळी गाडीत तिने हेच सगळं सांगितलं असणार.

ती ट्रकमध्ये जाऊन बसली. मी मातीचे हात तसेच घेऊन उभी राहिले. उपटलेले नेचे परत लावावेत असं एक क्षण मनात आलं, इतकी माझी अक्कल चालेनाशी झाली होती. रडू आलं ते तुकड्यासाठी नव्हतं. ज्या पोरीला जोडायला आले, तिचंच काम मी मुळासकट उपटलं होतं. संपलं आता, असं वाटलं.



पिठलं

माणसाला काही सुचत नाही तेव्हा ते पिठलं करतं. मी बरोबर नेलेलं बेसन काढलं, तिखट कमी केलं आणि भात टाकला. रेवाने घरातल्या लँडलाइनवरून तिच्या साहेबांना कळवलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. माझं नाव आलं नाही. "फॅमिली" एवढा एक शब्द आला.

जेवताना मी म्हटलं, "मी उद्या निखिलला बोलावते."

ती भात कालवत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "ती झाडं लावली ना, त्या विंटरमध्ये आई गेली. मी वीकडेजना इथे, वीकेंडला फ्लाय करून सांता क्लारा. एव्हरीबडी कॉल्ड. कशी आहे, आज काय खाल्लं, किती वेट आहे. तू पण, रोज. मी सगळ्यांना नंबर्स सांगायची." तिने चमचा ठेवला. "कोणी आलं नाही, मावशी. आई म्हणायची, ताई आली की बघेल सगळं. ताई आली की बॅकयार्ड पण साफ करेल."

व्हिसा, तारीख, व्हिसाच्या खिडकीपलीकडचा माणूस, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं. तिला ते ठाऊक होतं आणि त्याने काही भरून येत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी सुधाला लांबून मोजलं होतं. मी उठून रेवाच्या शेजारी गेले आणि काट्यांनी खरवडलेला हात तिच्या पाठीवर ठेवला. "उशीर झाला बाळा मला," म्हटलं. ती माझ्या पोटात डोकं घालून रडली आणि मीही रडले. पिठलं गार झालं. गार पिठल्याला चव नसते, पण आम्ही ते संपवलं.

निळ्या फिती

सकाळी मी बॅग भरून बसले होते. रेवा आत आली ती बूट घालूनच. "चल. काम आहे."

त्याच तुकड्यावर नेलं तिने मला. खिशातून कात्री काढली आणि एकेक निळी फीत कापायला लागली. सगळी कापून खिशात कोंबली.

"हा प्लॉट आउट," ती म्हणाली. "बॉसने पण सांगितलं. आता तीनच."

"मग ह्यांचं काय?"

"ह्यांचं काही नाही. नाऊ दे आर जस्ट ट्रीज." ती वेलात अडकलेल्या दुसऱ्या ओळीकडे बघत होती. "मला चार वर्षं रोज वाटायचं, हे काढून टाकावं. अलाउड नव्हतं."

तिने खुरपं माझ्याकडे दिलं आणि स्वतः एक बोथट फावडं घेतलं. मी तिला दाखवलं, पातं आडवं धरायचं, मुळाच्या खाली घालायचं, रोपाच्या बुंध्याला माती ओढायची नाही. तिचा वेग काही नव्हता. माझी ओळ संपली तेव्हा ती अर्ध्यावर होती. मी पलीकडून तिच्या ओळीला समोरून लागले. मधे कुठेतरी आमची डोकी आपटली.

"आउच," ती म्हणाली, आणि मी तिला तिच्या आईची गोष्ट सांगितली. मग दुपारभर सांगत राहिले.

तुकडा अर्धाच झाला. दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला आणि रविवारी निखिल न्यायला आला.

कराड

आता वर्ष होत आलं. घरी मी एकटीच असते. फ्रीजचा आवाज इथेही येतो, फक्त इथे मागे रिक्षा आणि देवळाची घंटा असते. त्या आठवड्याने माझं एकटेपण गेलं, असं मी म्हणणार नाही. रेवाचंही गेलं नसेल. संध्याकाळी पडवीत ती एकटीच बसत असणार, समोरून एल्क जात असणार, आणि टेबलाशी आता दोन खुर्च्या आहेत त्यातली एक रिकामी असणार.

गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला. फूल नव्हतं, फोटो होता. एक फरचं झाड आणि बुंध्याला टेकवलेलं खुरपं. खाली तिने देवनागरीत, लहान मुलासारख्या अक्षरांत लिहिलं होतं, "तुझी ओळ मोजली. उंच नाही झाली जास्त. जाड झाली."

मी फोन लावून विचारलं, "ती तर बाद झालेली ना? मग ही मोजणी कुठे लिहायची?"

"कुठेच नाही," रेवा म्हणाली. "तुला सांगायला मोजली. अर्धा प्लॉट अजून तसाच आहे, मावशी. ये ना."

सोमवारी मी शनिवार पेठेत गेले. जुना लोहार आता नाही, त्याचा मुलगा बसतो. त्याला म्हटलं, एक खुरपं कर, मूठ जरा बारीक ठेव, तिचा हात लहान आहे. दोघी भांगलायला बसलो की एकाने भागत नाही.